चार फळ्यांवरची पुस्तकं आणि एकच परीक्षा



आज आपण जरा खाली उतरू. तत्त्वज्ञानाच्या माणसांना वर बसून बोलायची सवय असते. पण पुस्तकांच्या दुकानात गेलो की फळ्यांवर प्लेटो-शंकराचार्य क्वचित दिसतात. दिसतात त्या चार फळ्या : कादंबऱ्या, मुलांची गोष्टींची पुस्तकं, पैशाचं नियोजन शिकवणारी पुस्तकं, आणि स्वतःला सुधारायला सांगणारी, म्हणजे सेल्फ-हेल्पची पुस्तकं. मराठी घरांत आज जी पुस्तकं विकत घेतली जातात त्यातली बरीचशी या चार फळ्यांवरची. मग या चारही प्रकारांचं परीक्षण एकाच माणसाने करावं का? आणि करायचं तर कोणत्या मापाने करावं? आजचा विषय एवढाच.

सध्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. रविवारच्या पुरवणीत चार पुस्तकांचे चार चौकोन असतात. कादंबरी ‘ओघवती’, बालकथा ‘संस्कारक्षम’, पैशाचं पुस्तक ‘उपयुक्त’ आणि सेल्फ-हेल्प ‘प्रेरणादायी’. चौघांचाही शेवट एकच, ‘संग्रही असावं असं’. विशेषणांची जागा अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. ज्या विधानाने काहीच वगळलं जात नाही ते विधान काही सांगतही नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्गात आपण शिकतो.

आता आपल्याकडे ‘परीक्षण’ हा शब्द कुठून आला ते पाहू. न्यायदर्शनावर वात्स्यायनांचं भाष्य आहे. त्यात शास्त्राची वाटचाल तीन पायऱ्यांची सांगितली आहे : उद्देश, लक्षण आणि परीक्षा. उद्देश म्हणजे वस्तूचं नाव घेणं. लक्षण म्हणजे ती इतरांहून वेगळी कशी ते सांगणं. आणि परीक्षा म्हणजे ते लक्षण त्या वस्तूला खरोखर लागू पडतं की नाही, हे प्रमाण लावून तपासणं. आपल्या बहुतेक पुस्तक-परीक्षणांची गाडी पहिल्या स्टेशनावरच थांबते. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत आणि थोडक्यात आशय, झालं. त्याला परिचय म्हणावं. परिचय वाईट नाही, तोही हवाच. पण त्याला परीक्षण म्हणू नये. १८७४ साली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हापासून मराठीत पुस्तकांवर कडक बोलण्याची परंपरा आहे. कधी कधी ती जरुरीपेक्षा कडक झाली, हेही खरं. पण तिला निदान हे ठाऊक होतं की परीक्षेत नापास होण्याची सोय असावी लागते.

आपण आज या तीन पायऱ्या चारही फळ्यांना लावून पाहणार आहोत. आणि एक प्रश्न शेवटपर्यंत हातात धरणार आहोत. प्रत्येक पुस्तक वाचकाला काही वचन देतं. ते वचन फसलं, तर दोष कुणाच्या माथी जातो?

पहिली फळी, कादंबरीची.

उदाहरण म्हणून उद्धव शेळक्यांची ‘धग’ घेऊ. १९६० सालची कादंबरी. विदर्भातलं खेडं, वऱ्हाडी बोली, शिंप्याचं घर. कौतिक ही बाई संसार सावरायला निघते. नवरा महादेव कामाच्या बाबतीत कच्चा, पुढे त्याला महारोग होतो. कौतिक कष्ट करते, अपमान गिळते, पुन्हा उभी राहते. आणि एवढं करून तिच्या हाती काय लागतं, हे कादंबरी वाचलेल्यांना सांगायला नको.

या पुस्तकाचं वचन काय? ‘हे घडलं’ असं ते म्हणत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यावर लिहिताना एक फरक सांगितला आहे. इतिहास घडलेलं सांगतो, काव्य घडू शकेल असं सांगतं, आणि म्हणून काव्य तत्त्वज्ञानाच्या अधिक जवळचं. ‘घडू शकेल’ या शब्दांत कादंबरीची सगळी परीक्षा आहे. कौतिक नावाची बाई होऊन गेली की नाही हा प्रश्न गैरलागू. अशा माणसावर, अशा गावात, अशा गरिबीत हेच ओढवू शकतं की नाही, हा खरा प्रश्न. ‘धग’मध्ये संकटं एकामागून एक येतात. मग परीक्षकाने विचारावं, ही संकटं माणसांच्या स्वभावातून आणि परिस्थितीतून येतात, की लेखकाने वाचकाला रडवायला बाहेरून आणून ठेवली आहेत? आमचं उत्तर असं की महादेवाचा आजार बाहेरून येतो खरा, पण त्या आजाराने घराचं जे होतं ते घराच्या आधीच्या पोकळपणातून येतं. म्हणून कादंबरी टिकते. कुणाला हे पटणार नाही. त्यांनी पुस्तक उघडून दाखवावं, आपण वाद घालू. असा वाद घालता येतो, हेच परीक्षेचं लक्षण.

आणि दोषाचं काय? कादंबरी फसली तर आपण लेखकाला धरतो. ‘पात्रं जिवंत झाली नाहीत’ असं म्हणतो. वाचकाने पुरेसे प्रयत्न केले नाहीत म्हणून कौतिक निर्जीव वाटली, असं कुणी म्हणत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी फळी, मुलांची.

इथे एक अडचण आहे जी बाकी तीन फळ्यांवर नाही. पुस्तक विकत घेणारा वेगळा आणि वाचणारा वेगळा. घेणारा बाप किंवा आजी, वाचणारी सात वर्षांची मुलगी. परीक्षण कोण वाचतं? घेणारा. म्हणून बालपुस्तकांची परीक्षणं घेणाऱ्याला खूश करणारी होतात, आणि ‘संस्कारक्षम’ हा शब्द तिथून येतो. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये दाया आणि आया मुलांना ज्या गोष्टी सांगतात त्यांवर देखरेख हवी असं म्हटलं. अडीच हजार वर्षं होत आली, आपण अजून तीच देखरेख करतो आहोत.

चिऊकाऊची गोष्ट घ्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं. काऊ दार ठोठावतो आणि चिऊ आत बाळाचं आवरत बसते, काऊला थांबायला सांगते. सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट. आता ती चारही फळ्यांवर ठेवून पाहू.

पैशाच्या पुस्तकाचा लेखक म्हणेल, पाहा, चिऊने पावसाळ्याआधी नियोजन केलं होतं. सेल्फ-हेल्पवाला म्हणेल, चिऊला ‘नाही’ म्हणता येतं, आधी स्वतःचं आवरा मग जगाचं. कादंबरीकार विचारेल, काऊने शेणाचं घर का बांधलं? मेण त्याला मिळत नव्हतं का? आणि मूल काय विचारतं? ते विचारतं, ‘मग काऊ खूप भिजला का?’

या चार प्रश्नांत सगळ्यात मोठा प्रश्न मुलाचा आहे असं आम्हांला वाटतं. नियोजन, हद्द, कारण हे सगळं नंतरचं. आधी बाहेर कुणीतरी भिजतं आहे. ज्या बालपुस्तकात हा प्रश्न विचारायला जागा उरते ते पुस्तक चांगलं, आणि जिथे शेवटच्या पानावर ‘तात्पर्य’ छापून तो प्रश्न बंद केला जातो ते कमी चांगलं. मुलांच्या पुस्तकाचं वचन असं की इथे तुला माणूस म्हणून वागवलं जाईल. परीक्षा त्याची घ्यायची.

या मापाने ‘श्यामची आई’ पाहू. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी ते लिहिलं, १९३५ साली ते प्रसिद्ध झालं. पुढच्या पिढ्यांनी त्याला संस्कारांचं पुस्तक म्हणून इतकं डोक्यावर घेतलं की पुढे काहींना त्याचा कंटाळा येऊ लागला. फार रडवतं, फार उपदेश करतं, अशी तक्रार आहे आणि ती सगळी खोटी नाही. उपदेश आहेच. पण नीट वाचलं तर श्याम हा आदर्श मुलगा नाही. तो हट्टी आहे, भितो आहे, चुका करतो, आईला दुखावतो. त्याच्या चुका मुलाच्या मापाच्या आहेत. म्हणून उपदेश असूनही मुलाला आत शिरायला जागा राहते. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे दुसऱ्या टोकाला. फुरसुंगीचा हा पोरगा सायकल दामटतो आणि संकटात उडी घेतो, संस्कार-बिंस्कार त्याच्या गावीही नाही. तरी त्याच्यासोबत धावलेल्या मुलाला धीर म्हणजे काय ते कळलेलं असतं. दोन्ही पुस्तकं वचन पाळतात, वाटा वेगळ्या.

पण ‘श्यामची आई’मध्ये आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे परीक्षकांचं लक्ष कमी जातं. त्या घरावर कर्ज आहे. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येतो आणि आईच्या जिव्हारी लागेल असं बोलतो. कर्ज म्हणजे घरात शिरलेला परका आवाज, हे मराठी मुलाला सर्वांत आधी कुणी समजावलं असेल तर या बालपुस्तकाने. म्हणजे पैशाची फळी आणि मुलांची फळी यांच्यातली भिंत आपल्याला वाटते तेवढी पक्की नाही.

तिसरी फळी, पैशाची.

इथे आम्हां प्राध्यापक मंडळींचं नाक मुरडतं. ते मुरडू नये. पैशाबद्दल घरात न बोलण्याची आपल्याकडे जुनी सवय. ‘अंथरूण पाहून पाय पसरावेत’ या एका म्हणीवर पिढ्यांनी संसार केले. म्हण शहाणी आहे, पण ज्याच्याकडे अंथरूणच नाही त्याने काय पसरावं, आणि अंथरूण लांब कसं करावं, हे ती सांगत नाही. ती जागा ही पुस्तकं भरून काढतात. पोस्टातली आरडी, भिशी आणि एलआयसीची पॉलिसी याच्यापलीकडे ज्यांच्या घरात कुणी गेलं नाही, त्या पहिल्या पगारवाल्या मुलामुलींना विचारायला दुसरं कोण असतं? ओळखीचा एजंट. त्यापेक्षा पुस्तक बरं. म्हणूनच पुस्तकाची परीक्षा कडक हवी, कारण इथे चुकीची किंमत रुपयांत मोजावी लागते.

दोन पुस्तकं घेऊ, दोन्ही अमेरिकेतली, दोन्ही मराठीत आलेली. पहिलं, रॉबर्ट कियोसाकींचं ‘रिच डॅड पुअर डॅड’, १९९७ सालचं. त्यातलं गाजलेलं विधान असं की राहतं घर ही मालमत्ता नसून देणं आहे. कारण मालमत्ता खिशात पैसे आणते आणि घर खिशातून पैसे काढतं.

याची परीक्षा करू. हिशेबाच्या भाषेत घर ही मालमत्ता आणि त्यावरचं कर्ज हे देणं. या दोन वेगळ्या गोष्टी, दोन वेगळ्या रकान्यांत. कियोसाकी दोन्ही एका शब्दात गुंडाळतात. लक्षण बदललं की निष्कर्ष आपोआप निघतो, तो सिद्ध करावा लागत नाही. तर्कशास्त्रात ही जुनी युक्ती आहे. पण म्हणून विधान टाकाऊ ठरतं का? नाही. आकडे मांडून पाहा. पन्नास लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के दर, वीस वर्षं मुदत. हप्ता येतो सुमारे ४३,४०० रुपये. वीस वर्षांत आपण भरतो एक कोटी चार लाखांच्या आसपास, म्हणजे मुद्दलापेक्षा व्याजच जास्त. हे ज्याने कागदावर कधी मांडलं नाही, त्याला धक्का देऊन जागं करायला ते विधान कामाचं आहे. धक्का म्हणून ठीक, व्याख्या म्हणून चूक. आणि वाचलेलं भाडं कुठे धरायचं? घरात राहतो म्हणजे भाडं देत नाही, तोही खिशात राहिलेला पैसाच की. परीक्षकाने हे सांगायला हवं. ‘उपयुक्त’ म्हटल्याने यातलं काहीच सांगून होत नाही.

आणखी एक. त्या पुस्तकातले ‘श्रीमंत बाबा’ खरोखर कोण होते, होते की नाही, यावर अमेरिकेत बरीच वर्षं वाद झाला. समर्थक म्हणतात, काय फरक पडतो? बोधकथाच आहे. आपण म्हणू, फरक पडतो. कौतिक खरी नव्हती याने ‘धग’ला बाध येत नाही, कारण ‘धग’ तिच्याकडे पुरावा म्हणून बोट दाखवत नाही. पण ‘या माणसाने असं केलं आणि तो श्रीमंत झाला, तुम्हीही करा’ असं म्हटलं की तो माणूस साक्षीदार होतो. साक्षीदार काल्पनिक असून चालत नाही. इथे एक गंमत दिसते. कादंबरी ‘मी खोटी आहे’ असं सांगून खरं बोलते, आणि काही पुस्तकं ‘मी खरी आहे’ असं सांगून गोष्ट ऐकवतात.

दुसरं पुस्तक मॉर्गन हाउसेल यांचं ‘द सायकॉलॉजी ऑफ मनी’, २०२० सालचं. त्यात रोनाल्ड रीड नावाच्या माणसाची हकिकत आहे. व्हरमाँट राज्यात पेट्रोल पंपावर आणि नंतर सफाईचं काम केलेला माणूस. २०१४ साली, ९२व्या वर्षी गेला तेव्हा मागे ऐंशी लाख डॉलरच्या वर संपत्ती निघाली. थोडं थोडं गुंतवलं आणि हात लावला नाही. हा साक्षीदार खरा आहे, नोंदलेला आहे.

तरी परीक्षा संपत नाही. सिसेरोने देवांच्या स्वरूपावर लिहिलेल्या ग्रंथात डायागोरस नावाच्या नास्तिकाची गोष्ट आहे. त्याला देवळात नेऊन चित्रं दाखवली, समुद्रात वादळ झालं, नवस बोलले आणि वाचले, त्या लोकांची चित्रं. पाहा, देव आहे की नाही? तो म्हणाला, नवस बोलूनही जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत? पैशाच्या आणि यशाच्या प्रत्येक पुस्तकाला हा एकच प्रश्न विचारावा. रीडसारखं काटकसरीने जगून शेअरमध्ये पैसे घातले आणि दुसऱ्याच कंपन्या निवडल्या, किंवा मध्येच आजारपणात विकावे लागले, त्यांची चित्रं कुठे आहेत?

हाउसेलच्या बाजूने हे सांगायला हवं की त्याला हा प्रश्न ठाऊक आहे. नशीब आणि जोखीम यांवर त्याने वेगळं प्रकरण लिहिलं आहे. बिल गेट्स ज्या शाळेत शिकला तिथे त्या काळात संगणक होता, हे नशीब. आणि त्याच शाळेत त्याच्याइतकाच हुशार मित्र, केंट इव्हान्स, गिर्यारोहणाच्या अपघातात शाळा संपण्याआधीच गेला, ही दुसरी बाजू. म्हणजे बुडालेल्याचं एक चित्र तरी त्याने भिंतीवर लावलं. या एका कारणासाठी आम्ही ते पुस्तक पहिल्याच्या वर ठेवतो. अर्थात दोन्ही पुस्तकं अमेरिकेच्या पगाराची, तिथल्या करांची, तिथल्या बाजाराच्या इतिहासाची आहेत. अनुवादात डॉलरचे रुपये होतात, परिस्थिती होत नाही. परीक्षणात निदान एक परिच्छेद यावर हवा.

चौथी फळी, सेल्फ-हेल्पची.

हा प्रकार नवा नाही. सॅम्युअल स्माइल्सचं ‘सेल्फ-हेल्प’ आलं १८५९ साली. त्याच वर्षी डार्विनचा जीवजातींवरचा ग्रंथ आला आणि मिलचं ‘ऑन लिबर्टी’ही आलं. तिन्ही पुस्तकं एका वर्षाची. दोघांचे सिद्धांत आपण विद्यापीठांत तपासत बसलो. तिसरं घराघरांत गेलं आणि त्याची परीक्षा फारशी कुणी घेतली नाही.

आजचं उदाहरण जेम्स क्लिअर यांचं ‘अ‍ॅटॉमिक हॅबिट्स’, २०१८ सालचं. या फळीवरच्या बऱ्या पुस्तकांपैकी ते आहे, म्हणूनच निवडलं. पडलेल्यावर वार करण्यात अर्थ नाही. त्याचा गाभा जुना आणि भक्कम आहे. न्याय्य कृत्यं करत करत माणूस न्यायी होतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात सांगितलं. क्लिअर त्यात व्यवहाराची भर घालतात. संकल्पावर विसंबू नका, भोवतालची मांडणी बदला. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, पुस्तक उशाशी ठेवा. हे कामाचं आहे आणि पडताळता येण्यासारखं आहे. केलं आणि उपयोग झाला नाही तर ते आपल्याला कळतं.

पण त्याच पुस्तकात एक गणित आहे. रोज एक टक्का सुधारणा केली तर वर्षाअखेर माणूस जवळजवळ ३८ पट चांगला होतो. गुणाकार बरोबर आहे, १.०१चा ३६५वा घात ३७.७८च येतो. प्रश्न असा की ३८ पट ‘काय’? रोज दोन किलोमीटर चालणारा माणूस या हिशेबाने वर्षाअखेर रोज ७५ किलोमीटर चालायला हवा. दुसऱ्या वर्षाअखेर अडीच हजारांच्या वर, म्हणजे पुण्याहून दिल्ली गाठून परतीच्या वाटेवर, रोज. मुद्दलावर व्याज चढतं, कारण रुपया रुपयासारखाच असतो. सवयीला असं एकक नाही. शरीर थकतं, शिकणं एका उंचीवर येऊन रेंगाळतं. आपली गणितं शब्दशः घेऊ नयेत हे क्लिअर यांनाही कळत असणार, कारण प्रगती बराच काळ दिसत नाही असं तेच सांगतात. पण वाचकाच्या मनात राहतो तो आकडा. चक्रवाढीची उपमा पैशाच्या फळीवरून उसनी आणली आणि तिच्यासोबत पैशाच्या गणिताचा खरेपणाही फुकट आणला.

तसंच २१ दिवसांचं. सवय लागायला एकवीस दिवस लागतात, हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलं आहे. त्याचं मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात सापडतं. रुग्णांना आपल्या बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीन आठवडे जातात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘निदान’ गळालं, चेहरा गळाला, आणि नियम उरला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी साध्या सवयी मोजल्या, २०१०मध्ये ते काम छापून आलं. सरासरी निघाली ६६ दिवस, आणि माणसागणिक फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. म्हणजे बाविसाव्या दिवशी ज्याची सवय मोडली त्याच्यात काही खोट नव्हती. खोट आकड्यात होती.

इथे आपला हातात धरलेला प्रश्न येतो. कादंबरी फसली तर दोष लेखकाचा. बालकथेत मूल रमलं नाही तर पुस्तक बाजूला जातं, मुलाला कुणी नापास करत नाही. पैशाच्या पुस्तकात निदान पासबुक सांगतं काय झालं ते. पण सेल्फ-हेल्प फसलं तर? दोष वाचकाचा. तू मनापासून केलं नाहीस, सातत्य ठेवलं नाहीस, तुझा विश्वास कमी पडला. वैद्याने म्हणावं ‘पथ्य मोडलं असेल’, तसंच. गुण आला तर औषधाचा, नाही आला तर रोग्याचा हलगर्जीपणा. कार्ल पॉपर यांनी विज्ञानाला एक कसोटी लावली : कोणती गोष्ट घडली तर तुझं म्हणणं खोटं ठरेल, ते आधी सांग. ज्या सल्ल्याला खोटं ठरण्याची वाटच नाही, तो सल्ला कधीच हरत नाही. हरतो तो वाचक.

आणि हा वाचक कोण आहे? पुण्यातल्या पेठांमधल्या अभ्यासिका डोळ्यांसमोर आणा. गावाकडून आलेली मुलंमुली, कॉट बेसिसवर राहणारी, मेसच्या डब्यावर जगणारी. स्पर्धा परीक्षेच्या जाडजूड पुस्तकांच्या ढिगात एखादं सेल्फ-हेल्पचं असतं, अनेकदा पदपथावर घेतलेलं. त्याला नावं ठेवू नका. एकटेपणात ते सोबत करतं, सकाळी उठवतं. पण जागा किती निघणार हे सरकार ठरवतं. दहा हजार मुलं पहाटे पाचला उठू लागली म्हणून जागा वाढत नाहीत, फक्त कटऑफ वाढतो. हे वाक्य त्या पुस्तकांत नसतं. ‘धग’मध्ये आहे. कौतिक पहाटे उठत होती. सातत्य, सोशिकपणा, हार न मानणं, यशाच्या पुस्तकातली सगळी प्रकरणं ती बाई जगली. तिचं चुकलं कुठे? कुठेच नाही. प्रयत्न करूनही माणूस हरू शकतो आणि त्यात त्याचा दोष नसू शकतो, हे ज्या वयात कळायला हवं त्या वयात कळलं नाही तर हरलेला मुलगा स्वतःलाच खाऊ लागतो. ही गोष्ट गमतीची नाही. म्हणून परीक्षण म्हणजे फावल्या वेळातलं काम आहे असं आम्हांला वाटत नाही.

काही जण विचारतील, मग काय, सगळ्यांना ‘धग’ द्यायची का? प्रयत्न सोडून द्यायचे का? तसं नाही. नुसती ‘धग’ वाचून कुणी उभं राहत नाही. उलट बाजूने विचारा. पुढच्या महिन्याचा हिशेब कसा लावायचा, झोप कशी सांभाळायची, हप्त्यात व्याज किती, हे कोणतीही कादंबरी सांगत नाही. सांगायला लागली तर ती वाईट कादंबरी होईल. उपाय सांगणारी पुस्तकं हवीतच. पण त्यांचं परीक्षण करताना शेजारी कादंबरी ठेवावी. सेल्फ-हेल्पचं प्रत्येक प्रकरण वाचून झालं की विचारावं, हे कौतिकला सांगता येईल का? तिच्या तोंडावर? सांगता येत असेल तर सल्ला खरा. सांगताना जीभ अडखळत असेल तर कुठे अडखळली तिथे खूण करावी. परीक्षण तिथून सुरू होतं.

आता निघताना हातात काय घ्यायचं ते सांगून थांबू.

कादंबरीला विचारा : हे असं घडू शकतं का, की घडवून आणलं आहे? मुलांच्या पुस्तकाला विचारा : यात मुलाला प्रश्न विचारायला जागा आहे का, की मोठ्यांना खूश करायचं आहे? पैशाच्या पुस्तकाला विचारा : हा कोणत्या देशातला, कोणत्या सालातला, कुणाचा पैसा, आणि बुडालेल्यांची चित्रं कुठे आहेत? सेल्फ-हेल्पला विचारा : काय झालं तर तू चुकलास असं तू मान्य करशील? हे चार प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण चारांच्या बुडाशी एकच आहे. पुस्तकाने जे वचन दिलं त्याची जबाबदारी पुस्तक घेतं, की ती आपल्या गळ्यात टाकतं?

एक सोपा गृहपाठ आहे. घरातल्या फळीवरचं, तुम्हांला आवडलेलं असं सेल्फ-हेल्पचं किंवा पैशाचं एक पुस्तक काढा. आवडलेलंच काढा, नावडत्याची परीक्षा घेणं सोपं असतं. त्याचं वचन एका वाक्यात लिहा. मग ते कुणाला लागू पडणार नाही, हे दुसऱ्या वाक्यात लिहा. दुसरं वाक्य लिहिताच येत नसेल, तर अडचण पुस्तकात आहे की आपल्या वाचनात, याचा निकाल पुढच्या वेळी एकत्र बसून लावू. लिहिलेलं घेऊन या.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर घेऊ. नमस्कार.